कुंकू हरवणारी काच

मी एक जुनी काच आहे. गोल, सपाट, पितळेच्या कड्यात बसवलेली आणि डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसायचं हे माझं काम. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, काचेला कसली आलीय जीवनकहाणी? पण माझ्यावर अठरा वर्षं एक आळ होता. तो ज्या संध्याकाळी पुसला गेला, त्या संध्याकाळी एका मुलीचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या दोन बोटं रुंदीत अडकलं होतं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी अडवणारी आहे. लाल प्रकाश तेवढा आत सोडते, बाकीच्यांना दारातून परत पाठवते. काळ्यापांढऱ्या फोटोत याचा मोठा उपयोग होतो. आकाशाचा निळा रंग मी अडवला की फोटोत आकाश काळवंडतं आणि ढग कापसाच्या गाद्यांसारखे उठून दिसतात. हिरवं झाड माझ्यातून काळं होतं. आणि लाल वस्तू? ती मात्र पांढरीफटक पडते. हा माझा गुणही आहे आणि खोडही.

परदेशातल्या एका कारखान्यात मला घासूनपुसून तयार केलं. पुढे बोटीने मुंबईला आले आणि फोर्टमधल्या एका जुन्या मालाच्या दुकानात सीतारामांच्या नजरेला पडले. सीताराम मूळचे वेंगुर्ल्याकडचे. लालबागच्या गिरणीत बारा वर्षं काढून त्यांनी घाटकोपरला एक लहानसा फोटो स्टुडिओ टाकला होता. पोट भरायला माणसांचे फोटो काढायचे आणि जीव रमवायला ढगांचे. मला उजेडाकडे धरून ते शेजारच्या वाण्याला म्हणाले होते, "ही काच न्हय, ढगांची चाळण आसा ही." इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून ढग गोळा केले. मग एकोणीसशे सहासष्टच्या मे महिन्यात ते बायकोला घेऊन गावी गेले आणि समुद्रकाठी, भरून आलेल्या आभाळाखाली त्यांनी रुक्मिणीबाईंचा फोटो काढला. मला कॅमेऱ्यावरून काढायला ते विसरले, की ढगांच्या मोहात त्यांनी मुद्दामच ठेवलं, मला आजही ठाऊक नाही. ढग झकास आले. रुक्मिणीबाईंचा चेहरा मात्र ओठांशिवाय आला, आणि कपाळ कोरं. रुपयाएवढं कुंकू लावलं होतं त्यांनी. मी ते पांढरं करून टाकलं होतं.

त्या फोटोकडे त्या बघत राहिल्या आणि मग त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी घातला. त्याच पावसाळ्यात सीतारामांना ताप भरला आणि आठ दिवसांत ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी मला एका बिस्किटाच्या डब्यात टाकलं आणि मुलाला, श्यामकांतला, बजावलं की ही काच पुन्हा कुणाच्या तोंडावर धरायची नाही. मित्रांनो, काचेला बोलता येत नाही. आलं असतं तरी नवरा गेलेल्या बाईपुढे मी काय बोलणार होते?

डब्यात माझ्या सोबतीला दोन मेलेल्या बॅटऱ्या, एक तुटका पट्टा आणि गंजलेल्या टाचण्या होत्या. श्यामकांतने स्टुडिओ चालवला. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी. वडिलांचा कॅमेरा विकून त्याने दोन डोळ्यांचा नवा घेतला. त्यात वरच्या डोळ्यातून बघायचं आणि खालच्या डोळ्याने फोटो टिपायचा. मी त्याच्या कुठल्याच डोळ्यावर बसण्याजोगी नव्हते. म्हणजे आळ नसता तरी मी बेकारच झाले असते.

अशी अठरा वर्षं गेली आणि शकु आमच्या स्टुडिओत आली.

शकु गोवंडीची. तिची आई शांताबाई जालन्याकडून लग्न होऊन मुंबईला आलेली. अंधेरीला परदेशी कपडे पाठवणारा एक कारखाना होता, तिथे शकु सहा वर्षं काज-बटणावर होती. दिवसाला चारशे काजं. पण तिचं डोकं काजात मावणारं नव्हतं. घरी वर्तमानपत्रावर ती अंगरखे कापायची, ते नलिनीच्या अंगाला लावून बघायची आणि पुन्हा कापायची. नलिनी तिच्या शेजारच्या मशीनवर बसायची. उंच, सडपातळ आणि तोंडाने फटकळ.

त्या वर्षी एका साप्ताहिकाने नव्या कपड्यांची स्पर्धा जाहीर केली. आपण बेतून शिवलेल्या एकाच पोशाखाचा एकच फोटो पाठवायचा, काळापांढरा. कपडा नाही, नुसता फोटो. निवडलेल्या सहा जणींना अंधेरीच्या एका कापड कंपनीत वर्षभर कपड्यांची रचना शिकायला मिळणार होती. वयाची अट पंचवीसच्या आत. शकुला एप्रिलमध्ये पंचवीस पूर्ण होणार होती आणि हा मार्च होता. म्हणजे स्पर्धा पुढच्या वर्षी निघाली असती तरी तिच्या कामाची नव्हती. शेवटची तारीख सोमवारची, संध्याकाळी पाचपर्यंत.

शांताबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं तिला दिलं. गर्द हिरवं, तळहाताएवढ्या लाल काठांचं. शकुने ते उरेब कापलं, म्हणजे कापड तिरपं धरून. असं कापलेलं कापड अंगावर पाण्यासारखं उतरतं, पण ते लोंबून वाढतं, म्हणून तिने तो अंगरखा आठ दिवस खिळ्याला टांगून ठेवला आणि मगच खालची कड दुमडली. हिरव्या अंगावर लाल काठाचे पट्टे डाव्या खांद्यावरून निघून, शरीराला एक वळसा घालून, अरुंद होत होत उजव्या पायाशी टोकदार संपत होते. कुठेही कळी नाही, नक्षी नाही. दोन रंगांचं भांडण हीच त्याची सगळी शोभा.

शनिवारी कारखाना सुटल्यावर श्यामकांतने स्टुडिओत फोटो काढले. रविवारी सकाळपाळीचं जादा काम आटपून चार वाजता दोघी ते बघायला आल्या. अंगरखाही बरोबर होता, कारण नलिनीला तो शेजारणीला दाखवायचा होता. मी डब्यात होते, पण डब्याचं झाकण कधीच नीट बसलं नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

टेबलावर फोटो मांडले गेले. मग शकुचा आवाज आला.

"भाऊ, पट्टे कुठे गेले?"

पट्टे नव्हतेच. लाल आणि हिरवा एकाच वजनाचे रंग. काळ्यापांढऱ्या फिल्मवर दोन्ही एकसारखे राखाडी झाले होते. फोटोत नलिनीने एक राखाडी पोतं घातलं होतं. शकुने रंग डोळ्यांनी जुळवले, कारण फोटो हे फोटोवाल्याचं काम. श्यामकांतने चेहऱ्यावर छान उजेड पाडला, कारण कपडा हे शिवणारीचं काम. दोघेही आपापल्या कामात चोख होते आणि एकमेकांना एक अक्षर विचारलं नव्हतं.

श्यामकांत खजील झाला, पण तोंडाने म्हणाला की तिने आधी सांगायला हवं होतं. शकु म्हणाली, फोटोत रंग मरतात हे तिला कोण सांगणार? भांडायलासुद्धा वेळ कुठे होता? उरले होते चोवीस तास. स्टुडिओतला एक मोठा दिवा आदल्या दिवशीच गेला होता. लग्नसराईत सगळे रोल संपले होते आणि रविवारी फोर्टची दुकानं बंद. कॅमेऱ्यात एका बारशाचा अर्धवट रोल होता. त्यात चार फोटोंची जागा शिल्लक होती.

शकुने पिशवीतून कात्री काढली. तिचं म्हणणं होतं की लाल पट्टे उसवून काढायचे आणि तिथे पांढरा परकर कापून लावायचा. नलिनी म्हणाली, उरेब कापडाचे टाके असे घाईने उसवले की ते झोळ देतं, हे तूच मला शिकवलंस ना? शकुने ऐकलं नाही. अंगरखा टेबलावर पसरून तिने कात्रीचं टोक खांद्याच्या पहिल्या टाक्याखाली घातलं. आईच्या लग्नाचं लुगडं होतं ते. दुसरं कुठून आणणार होती?

नलिनीला ते बघवेना. तिने पाठ फिरवली आणि हाताला चाळा म्हणून शेजारचा डबा उघडला. टाचण्या, बॅटऱ्या आणि मी. अठरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने मला डोळ्याला लावलं, छताकडे बघितलं, श्यामकांतकडे बघितलं आणि मग टेबलाकडे वळली.

"शकु, थांब गं," ती म्हणाली. "कात्री ठेव. आधी यातून बघ."

शकुने बघितलं. माझ्यातून सगळं जग लालच दिसतं, पण त्या लालीत पट्टे दुधासारखे उजळले होते आणि लुगड्याचं हिरवं काळंकुट्ट पडलं होतं. तिने मला डोळ्यावरून काढलं, पुन्हा लावलं. तिचा श्वास माझ्या काचेवर वाफ धरत होता. कात्री तिने कधी खाली ठेवली, हे तिलाही कळलं नसेल.

श्यामकांत मात्र पांढरा पडला होता. त्याने सगळं सांगितलं. वडिलांचे ढग, आईचा फोटो, कोरं कपाळ, तो पावसाळा. ही काच माणसाच्या तोंडावर धरायची नाही, असं आईचं बोलणं आहे, म्हणाला. ऐकता ऐकता नलिनीचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं आणि नवरा मालवाहू बोटीवर होता. गेल्या तीन आठवड्यांत त्याचं पत्र नव्हतं.

शकुने मला टेबलावर ठेवलं. नलिनीला तिने एका शब्दानेही गळ घातली नाही. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा डबा.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मित्रांनो, खरं सांगते, मला फुटून जावंसं वाटलं.

त्यांनी शकुला एवढंच विचारलं, की हा फोटो नाही आला तर काय होईल?

"काही होणार नाही, आजी," शकु म्हणाली. "उद्या परत कामावर जाईन. चारशे काजं करीन. परवा पण."

रुक्मिणीबाई आत गेल्या. श्यामकांतला वाटलं, आई रागावली. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काजळाची डबी होती.

"ते तापान गेले," त्या म्हणाल्या. "ह्या काचेन काय एक करूक नाय. माका म्हायत होता. पण कोणावर तरी राग काढूक व्हयो होतो."

मग त्यांनी नलिनीला जवळ बसवलं. लाल रंग ही काच खाते, तर काळा लावू, काळा कसा खाईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. अठरा वर्षांपूर्वी त्यांना हे कुणी विचारलं असतं तर तेव्हाच सुचलं असतं. नलिनीचं कुंकू त्यांनी पुसलं नाही. त्याच्यावरच काजळाचा टिळा लावला आणि ओठांनाही काजळ फासलं. हे करताना क्षणभर त्यांचा हात थबकला. विधवेने सवाष्णीच्या कपाळाला हात लावायचा नाही, ही रीत त्यांनी इतकी वर्षं पाळली होती.

"काजळाक कोण अडवता?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि टिळा पुरा केला.

स्टुडिओत उजेड पुरणार नव्हता म्हणून आम्ही गच्चीवर गेलो, तेव्हा सहा वाजून गेले होते. सूर्य समोरच्या इमारतीमागे उतरला होता. अंगरखा नलिनीला कमरेत सैल होता, म्हणून शकुने पाठीमागचं जास्तीचं कापड गोळा करून कपडे वाळत घालायचे पाच चिमटे लावले. पुढून राणी आणि मागून दोरीवरचं धुणं. शेजारच्या गच्चीवरच्या बायका नलिनीचे काळे ओठ बघून तोंडाला पदर लावत होत्या. एरवी तिने त्यांची चांगली हजेरी घेतली असती, पण आज ती खांबासारखी उभी राहिली.

मला धरायचं कसं, हा पुढचा प्रश्न. मी कॅमेऱ्यावर बसत नव्हते. श्यामकांतचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले. मग शकुच पुढे झाली. पण अठरा वर्षांची धूळ आणि सगळ्यांच्या बोटांचे तेलकट ठसे माझ्यावर होते. श्यामकांत शर्टाच्या टोकाने पुसायला निघाला, तेव्हा तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. पिशवीतून लुगड्याची एक उरलेली चिंधी काढली. धुऊन धुऊन ती सायीसारखी मऊ झाली होती. तिने मला हळूहळू, गोल गोल पुसलं. इतकं मऊ मला कधीच कुणी पुसलं नव्हतं. सीतारामांनीसुद्धा नाही.

मग कॅमेऱ्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसून तिने मला दोन बोटांत धरलं आणि खालच्या डोळ्यासमोर नेलं. श्यामकांत वरच्या डोळ्यातून बघणार, म्हणजे तिचं बोट मध्ये येतंय का, हे त्याला दिसणारच नव्हतं. आणि मी एवढा प्रकाश अडवते की कॅमेऱ्यातला पडदा पाव सेकंद उघडा ठेवायला लागणार होता. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटत असेल. पाव सेकंदात वारा कपडा उडवतो, बाई पापणी लववते, हात थरथरतो.

पहिल्या फोटोला खाडीकडून वारा आला आणि उरेब कापडाचा घेर फडकला. गेला. दुसऱ्याला खालच्या रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला आणि नलिनी दचकली. तोही गेला. श्यामकांतने रोल पुढे फिरवला. उजेड डोळ्यांदेखत उतरत होता. शकुच्या बोटांतली नाडी माझ्या पितळेच्या कड्यावर ठकठक वाजत होती. ती मला घट्ट धरत होती, आणि घट्ट धरलं की बोट पुढे सरकतं. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी?

"वारा पडलाय," श्यामकांत हळूच म्हणाला. "नलिनी, श्वास धर. शकु, तू पण."

तिघांनीही श्वास धरला. पडदा उघडला. माझ्यातून तो अंगरखा आत गेला. खांद्यावरून निघालेला उजळ पट्टा, कंबरेचा वळसा, पायाशी टोक. पडदा मिटला. तिसरा झाला. चौथ्याला इतका अंधार होता की तो नुसता आशेवर काढला.

सात वाजता काळोख्या खोलीत रोल धुतला आणि तासाभराने फोटोचे कागद औषधाच्या पाण्यात घातले. तिथे लाल दिवा असतो, माझाच भाऊबंद, म्हणून मला तिथे बरं वाटतं. पहिला अस्पष्ट, दुसऱ्यात दोन नलिन्या, चौथा कोळसा. तिसऱ्या कागदावर आधी कपाळावरचा टिळा उमटला. मग ओठ. मग काळ्या अंगावर पांढरे पट्टे, वळसा घालत, एकही न हरवता. आणि खालच्या कोपऱ्यात, पट्टा संपतो तिथे अगदी लागून, एक जाड पुसट सावली आली. शकुचं बोट.

श्यामकांतने कोपरा कापायला पट्टी घेतली. पण कोपरा कापला की पट्ट्याचं टोकही जाणार. आठ दिवस टांगून, तीनदा उसवून साधलेलं टोक. शकु त्या ओल्या कागदाकडे बघत राहिली. नलिनी तर म्हणाली की असा डागाळलेला फोटो ते पहिल्याच नजरेला बाजूला टाकतील, वाट लागेल सगळ्याची. शकुने ऐकून घेतलं.

"राहू दे बोट," ती म्हणाली. "टोक कापायचं नाही."

सोमवारी दुपारी रजा टाकून तिने फोटो त्या कापड कंपनीच्या अंधेरीच्या कचेरीत नेऊन दिला. तीन आठवडे गेले. मग तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जाताना तिने मला श्यामकांतकडून मागून घेतलं, चिंधीत गुंडाळून, अंगरख्यासोबत पिशवीत. म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे.

टेबलामागे चष्मा लावलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी फोटो पुढे सरकवला आणि कोपऱ्यावर पेन टेकवलं. बाकीच्या सगळ्या फोटोंना कसे स्वच्छ कोपरे आहेत, हे बोट कुणाचं, आणि ते कापलं का नाही, असं त्यांनी विचारलं.

"माझंच आहे, मॅडम," ती म्हणाली. "काच मी धरली होती. बोट कापलं असतं तर पट्ट्याचं टोक गेलं असतं."

मग तिने अंगरखा टेबलावर पसरला आणि मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला डोळ्याला लावलं. काढलं. पुन्हा लावलं. शकुने पहिल्यांदा केलं होतं, अगदी तसंच. नंतर त्यांनी विचारलं की आता हेच पुन्हा शिवायचं झालं तर ती काय बदलेल. शकु म्हणाली, कपडा काही बदलणार नाही, पण कात्री लावायच्या आधी फोटोवाल्याला जाऊन विचारीन. बाईंनी त्यावर कागदावर एक खूण केली. सहा नावांत तिचं नाव चौथं होतं.

साप्ताहिकात फोटो छापून आला तेव्हा छापणाऱ्यांनी बोट कापलं, आणि त्याबरोबर पट्ट्याचं टोकही. शकुला फार वाईट वाटलं. तिने श्यामकांतकडून पूर्ण फोटोची मोठी प्रत करून घेतली आणि ती स्टुडिओच्या भिंतीवर लावली. नलिनीच्या नवऱ्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. त्यात माझा काही हात नाही, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणी उगाच माझी पूजा करायचं.

मग एका दुपारी स्टुडिओत कुणी नव्हतं. रुक्मिणीबाईंनी ट्रंक उघडून तळाचा तो जुना फोटो काढला. समुद्र, ढग आणि कोऱ्या कपाळाची तरुण बाई. काडेपेटीतली एक काडी त्यांनी काजळात बुडवली आणि श्वास धरून फोटोतल्या कपाळावर टिळा लावला. रुपयाएवढा नाही, फोटोच्या मापाचा. मग तो भिंतीवर, शकुच्या फोटोशेजारी टेकवून त्या मागे सरल्या. "आता बरा," म्हणाल्या. नंतर त्यांनी मला उचललं, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि आपल्या पदराने खसखसून पुसलं.

मित्रांनो, आता सगळीकडे रंगीत रोल आलेत. माझी गरज कुणाला फारशी पडत नाही. हिरव्या चिंधीत गुंडाळलेली मी खणात पडून असते. तुमच्या घरात एखादी जुनी, निरुपयोगी वस्तू असेल तर ती फेकण्याआधी एकदा डोळ्याला लावून बघा. तिच्यावर आळ घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. आणि काच पुसायची असेल तर मऊ, धुतलेल्या कापडानेच पुसा. रुक्मिणीबाईंचा पदर जाडाभरडा होता, त्याने माझ्यावर एक ओरखडा उठला आहे. तो मात्र कुणी घालवू नका. तेवढा मला हवा आहे.